सोसायटीच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जिंगची सोय कशी करावी

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये रेंज, वेग आणि रंग यांची चौकशी करतो; आपल्या पार्किंगच्या खांबापासून मीटर रूमपर्यंत किती मीटर वायर लागेल, हे मात्र बुकिंगची पावती हातात पडल्यावर मोजायला घेतो. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. स्वतंत्र घरात राहणाऱ्यासाठी हे एका दुपारचे काम आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत मात्र वायर सामाईक भिंतीवरून जाते, गाडी सामाईक छताखाली उभी राहते, आणि चुकीचे काम झाले तर त्याची झळ शेजाऱ्यालाही बसते. त्यामुळे गाडी बुक करण्यापूर्वी निदान महिनाभर आधी या कामाला लागावे.

गरज किती, ते आधी मोजावे

रोजच्या वापरातील स्कूटरला एका किलोमीटरला साधारण २५ ते ३५ वॅट-अवर वीज लागते. ऑफिसला जाऊन-येऊन २५ किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर ६५० किलोमीटर होतात. चार्जरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज धरून हा खर्च महिन्याला सुमारे २२ युनिट येतो. आकडा लहान आहे, पण तो बिलात कुठे जाऊन बसतो, हे पाहणे महत्त्वाचे आहे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत, आणि वाढीव युनिट नेहमी वरच्या टोकाला जोडले जातात. म्हणून नव्या २२ युनिटांना बिलातील सरासरी दराने गुणू नये, शेवटच्या लागू टप्प्याच्या दराने गुणावे. मागील १२ महिन्यांची बिले समोर ठेवली, की एप्रिल-मे महिन्यांत पंखे आणि एसी यांच्या वापरामुळे आपण कोणत्या टप्प्यात जातो, ते लगेच कळते.

रेंजचा आकडाही याच वेळी जमिनीवर आणून ठेवावा. कंपनीने छापलेला आकडा ठरावीक चाचणी-चक्रावर मोजलेला असतो. मागे माणूस बसलेला, वाटेत घाट किंवा उड्डाणपूल आणि वेग ५०-६० असा खरा प्रवास असेल, तर छापील आकड्याच्या ७० टक्के धरून चालावे. ३ किलोवॅट-अवरच्या बॅटरीवर २५ किलोमीटर रोज चालवणाऱ्याला आठवड्यातून दोन-तीन वेळाच चार्जिंग लावावे लागते. अर्थात प्रत्येक गाडीला चोवीस तास राखीव प्लग हवाच असे नाही, आणि समितीशी बोलताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

एक्स्टेन्शन बोर्डचा मोह

बहुतेक स्कूटरचा चार्जर ७०० ते ९०० वॅटचा असतो, म्हणजे सुमारे ४ अँपिअर. इस्त्री यापेक्षा जास्त वीज ओढते. मग साध्या बोर्डवर का लावू नये, असे प्रत्येकाला वाटते. मलाही वाटले होते. पहिल्या स्कूटरच्या वेळी मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला. तीन आठवडे काहीही झाले नाही. चौथ्या आठवड्यात एके सकाळी प्लग काढायला गेलो, तेव्हा बोटांना चटका बसला. न्यूट्रलच्या पिनेभोवती एक रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी डाग पडला होता आणि बोर्डाला जळक्या मासळीसारखा वास येत होता. घरातला एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, मात्र जागचा हलला नव्हता.

तो हलणार नव्हताच. एमसीबी वायरीतून जास्त प्रवाह गेला तर पडतो. इथे प्रवाह होता केवळ ४ अँपिअरचा. बिघाड होता सैल जोडात. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी ४ अँपिअरला त्या एका टोकावर ८ वॅट उष्णता तयार होते, आणि शेंगदाण्याएवढ्या जागेत ८ वॅट म्हणजे प्लास्टिक वितळायला पुरेसे. इस्त्री दहा-पंधरा मिनिटांत बाजूला ठेवली जाते आणि मधूनमधून आपोआप बंदही होते. चार्जर मात्र चार-पाच तास सलग, रात्री, कुणी पाहत नसताना चालतो. म्हणून चार्जिंगच्या सोयीत वॅटपेक्षा जोडाच्या घट्टपणाकडे आणि किती वेळ प्रवाह वाहणार याकडे लक्ष द्यावे. एक्स्टेन्शन बोर्ड, गुंडाळलेली वायर आणि खिडकीतून खाली सोडलेली केबल या तिन्हींना कायमची रजा द्यावी.

वीज कोणत्या मीटरवरून घ्यावी

इथे तीन मार्ग आहेत. पहिला आणि बहुतेकांना सोयीचा मार्ग म्हणजे स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरवरून मीटर रूममध्येच वेगळी लाइन काढणे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घर किंवा कार्यालयातील आहे त्याच वीजजोडणीवर वाहन चार्ज करण्याची मुभा स्पष्टपणे दिली, आणि महाराष्ट्रात स्वतःच्या घरी स्वतःचे वाहन चार्ज केले तर त्या जागेला लागू असलेलाच, म्हणजे घरगुती, दर लागतो. वापर आपल्याच बिलात येत असल्याने सोसायटीशी पैशांचा हिशेब उरत नाही.

दुसरा मार्ग सामाईक मीटरवर सब-मीटर लावण्याचा. मीटर रूम दूर असेल किंवा चार-पाच सभासदांना मिळून एकच जागा वापरायची असेल, तर तो बरा पडतो. पण लिफ्ट आणि पाण्याचे पंप यांमुळे सामाईक मीटरचा वापर अनेक ठिकाणी आधीच सर्वांत वरच्या टप्प्यात असतो. प्रति युनिट किती आकारायचे, हे लेखी ठरलेले नसेल, तर सहा महिन्यांत वार्षिक सभेत त्यावरून वाद होणारच. तिसरा मार्ग चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेण्याचा आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ग्राहकाला वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, आणि परिपूर्ण अर्जानंतर महानगरांत ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत ठरवून दिलेली आहे. अशा जोडणीला वाहन चार्जिंगचा वेगळा दर लागतो. एका स्कूटरसाठी हा खटाटोप मी करणार नाही. दहा-बारा गाड्यांची किंवा मोटारींची सोय करायची असेल, तर मात्र सोसायटीने हाच मार्ग धरावा.

पहिला मार्ग घेताना बिलावर छापलेला मंजूर भार पाहावा. गीझर, एसी आणि चार्जर एकाच वेळी चालले तर बेरीज किती होते, हे काढावे. स्कूटरसाठी सहसा भार वाढवावा लागत नाही. पुढेमागे मोटार घ्यायची असेल आणि ३.३ किलोवॅटचा चार्जर येणार असेल, तर भार वाढवण्याचा अर्ज आताच द्यावा आणि वायरही त्या हिशेबानेच टाकावी, कारण पाइपातून वायर दुसऱ्यांदा ओढण्याची मजुरी वायरीच्या किमतीच्या फरकापेक्षा जास्त होते.

वायरमनकडून काय करून घ्यावे

काम शासनाच्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याच्याकडून चाचणी अहवाल लेखी घ्यावा. समितीला दाखवायला आणि पुढे विम्याचा प्रश्न आला तर तोच कागद उपयोगी पडतो. कामाचा तपशील मात्र आपल्याला माहीत असावा, नाहीतर ‘साहेब, एवढ्याला काय होतंय’ या वाक्यावर सगळे उरकले जाते.

मीटरच्या पुढे या लाइनसाठी वेगळा दोन पोलचा १६ अँपिअरचा एमसीबी असावा. तिथून पार्किंगपर्यंत तांब्याची वायर टाकावी, स्कूटरसाठी २.५ चौरस मिलिमीटर पुरते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. मीटरपासून प्लग ४० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ८० मीटर तार होते, रोध सुमारे ०.६ ओहम येतो आणि ४ अँपिअरला जेमतेम अडीच व्होल्ट कमी होतात. तीच वायर मोटारीच्या १४-१५ अँपिअरला वापरली, तर घट साडेआठ व्होल्टवर जाते आणि पाइपातील वायर तास न् तास कोमट राहते. त्यामुळे मोटारीचा विचार असेल तर ४ चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. अर्थिंगची हिरवी वायर या दोन तारांसोबत मीटर रूममधील अर्थिंगच्या पट्टीपासून अखंड यावी. ती पाण्याच्या पाइपला किंवा खांबातल्या सळईला जोडून मोकळे होण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते, ती अजिबात चालू देऊ नये. सगळी वायर पाइपातून किंवा केसिंगमधून न्यावी आणि गाड्यांच्या हँडलचा धक्का लागणार नाही इतक्या उंचीवरून न्यावी.

पार्किंगमधील पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि मिळाला तर तो ए प्रकारचा घ्यावा, कारण चार्जरमधून होणारी गळती नेहमीच साध्या एसी प्रवाहाची असते असे नाही. आरसीसीबीचे काम एमसीबीपेक्षा वेगळे आहे: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नसेल, म्हणजे तो कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जात असेल, तर तो क्षणात वीज तोडतो. पावसाळ्यात चिखलाच्या पायांनी प्लग काढणाऱ्या माणसाचा जीव याच डबीवर असतो. तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही, ते पाहावे. मात्र ते बटण अर्थिंग तपासत नाही. अर्थिंगची वायर तुटलेली असली, तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतोच. म्हणून काम झाल्यावर वायरमनला आपल्यासमोर फेज आणि अर्थिंग यांच्यात ६० वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावायला सांगावा. आरसीसीबी तत्काळ पडला, तर अर्थिंग पोहोचले आहे. बल्ब लागला नाही आणि आरसीसीबीही पडला नाही, तर अर्थिंगची वायर कुठेतरी हवेत आहे, आणि त्या दिवशी पैसे चुकते करू नयेत.

सॉकेटची निवड ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. काही चार्जरांना लहान पिनांचा ६ अँपिअरचा प्लग असतो, आणि तो सहा-सोळाच्या एकत्र सॉकेटमध्ये बसतो खरा, पण अनेकदा ढिला बसतो. माझ्या बोर्डवर जो डाग पडला, तो अशाच ढिल्या पिनेमुळे. चार्जर शोरूममध्ये हातात घेऊन त्याच्या पिना पाहाव्यात आणि त्याच मापाचा, आयएसआय चिन्हाचा सॉकेट बसवावा. प्लग आत ढकलताना जोर लागला पाहिजे आणि सोडल्यावर तो स्वतःच्या वजनाने लोंबता कामा नये. सॉकेट झाकण आणि कुलूप असलेल्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असावा. ज्या पार्किंगमध्ये पावसाचे पाणी शिरते, तिथे पूर्वीच्या पाण्याची खूण पाहून आणखी वर घ्यावा. जिन्याच्या तोंडाशी, मीटर रूमच्या दाराला लागून किंवा पाइप गॅसच्या वाहिनीजवळ जागा निवडू नये. जिना हा आगीच्या वेळी वरच्या मजल्यांवरच्या लोकांचा बाहेर पडण्याचा मार्ग असतो.

समितीकडे अर्ज

सचिवांना तोंडी विचारून काम सुरू करू नये. अर्जासोबत पार्किंगचा साधा आराखडा, वायर कोणत्या भिंतीवरून जाणार, कोणत्या मीटरवरून वीज घेणार, ठेकेदाराच्या परवान्याची प्रत आणि बसवायच्या सामानाची यादी जोडावी. काम स्वखर्चाने होईल, देखभाल स्वतःकडे राहील आणि फ्लॅट विकताना जोडणी काढून घेतली जाईल किंवा नव्या मालकाकडे सोपवली जाईल, हे अर्जातच लिहावे. ऊर्जा मंत्रालयाने १७ सप्टेंबर २०२४ रोजी काढलेल्या नव्या मार्गदर्शक सूचनांची प्रतही लावावी; कायद्याचा धाक दाखवण्यासाठी नव्हे, तर समितीतील ज्येष्ठ सभासदांना हे काम नियमबाह्य नाही याची खात्री पटावी म्हणून. समितीच्या बैठकीत ठराव करून लेखी ना-हरकत मिळवावी. पार्किंग आपल्या नावे वाटप झालेले नसेल, तर आधी तो प्रश्न मिटवावा, कारण आज तिथे गाडी लावतो म्हणजे जागा आपली, हे गृहीत धरून ठोकलेला सॉकेट उद्या काढावा लागतो.

समितीने उलट अर्जदाराकडे काय मागावे, हेही सांगतो. प्रत्येक गाडीचे मॉडेल, बॅटरीचा प्रकार आणि मूळ चार्जर वापरला जातो का, याची नोंदवही ठेवावी. स्वस्तात बॅटरी बदलून घेतलेल्या किंवा घरगुती बदल केलेल्या गाडीला पार्किंगमध्ये चार्जिंगची परवानगी देऊ नये. यात कुणाचा अपमान नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्यानंतर एआयएस १५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकात कडक दुरुस्त्या करण्यात आल्या आणि त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. म्हणून जुनी गाडी विकत घेताना ती मार्च २०२३ नंतर बनलेली आहे का, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

बॅटरी आणि आगीबद्दल

लिथियम बॅटरीतील एक सेल बिघडून तापला, की तो शेजारच्या सेलला तापवतो आणि ही साखळी बाहेरच्या हवेशिवायही चालू राहते. सोसायटीतील कोरड्या पावडरचे अग्निशामक भोवतालच्या ज्वाला विझवू शकते, बॅटरीच्या आतील तापणे थांबवू शकत नाही. त्याला भरपूर पाणी बराच वेळ मारावे लागते, आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे. धूर विषारी असतो. त्यामुळे बॅटरीतून शिट्टीसारखा आवाज, गोडसर-रासायनिक वास किंवा पांढरा धूर आला, तर मुख्य स्विचपर्यंत सुरक्षितपणे पोहोचता येत असेल तरच तो बंद करावा, लोकांना गाडीपासून दूर काढावे आणि १०१ वर फोन करावा. काढता येणारी बॅटरी असेल, तर ती रात्री फ्लॅटच्या दाराशी चार्जिंगला लावू नये; बाहेर पडायची एकमेव वाट अडेल अशी जागा कधीही निवडू नये.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हे विक्रेत्याला विचारून लिहून ठेवावे, कारण सवयी त्यावर ठरतात. एनएमसी बॅटरी रोज २० ते ८० टक्क्यांत ठेवली, तर ती जास्त वर्षे टिकते. एलएफपीचे व्होल्टेज चार्ज उतरताना बराच काळ जवळजवळ सारखेच राहते, त्यामुळे नियंत्रक यंत्रणेला शिल्लक किती आहे याचा अंदाज चुकतो. ती कंपनीच्या सूचनेप्रमाणे मधूनमधून पूर्ण भरावी लागते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना उन्हातून आणलेली गाडी लगेच प्लगला लावू नये, अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्यावी. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी वरून वाळलेली दिसली, तरी सेवा केंद्राने तपासल्याशिवाय चार्ज करू नये. बॅटरीचे आयुष्य संपल्यावर ती भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

अॅप आणि चावी

आजची स्कूटर मोबाइलशी जोडलेली असते; कुलूप उघडणे, गाडी कुठे आहे ते पाहणे आणि सॉफ्टवेअर बदलणे हे सगळे अॅपवरून होते. जुनी गाडी घेताना आरसी बुक नावावर करून घेण्याइतकेच जुन्या मालकाचे खाते गाडीवरून काढून घेणे गरजेचे आहे. ते आपल्यासमोर, गाडी शेजारी उभी असताना करून घ्यावे, नाहीतर गाडी तुमची आणि तिचा ठावठिकाणा दुसऱ्याच्या फोनवर, अशी स्थिती राहते. सॉफ्टवेअरचे अपडेट रात्री चार्जिंगसोबत लावण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्यावे. ते अर्धवट अडकले, तर निदान सेवा केंद्र उघडे असते.

चार्जिंगची वेळ

दिवसा घरी कुणी असेल, तर रात्रीऐवजी दुपारी चार्जिंग लावावे. महावितरणचे नवे टीओडी, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारे, स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळते, कारण तेव्हा सौर वीज उपलब्ध असते. पर्यावरणाच्या हिशेबातही याला अर्थ आहे. आपल्या देशातील वीज अजून मुख्यतः कोळशावर बनते. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला, तर १०० किलोमीटरच्या ३.४ युनिटांमागे सुमारे अडीच किलो होतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची स्कूटर त्याच अंतराला पाच किलोच्या वर सोडते. म्हणजे प्रदूषण शून्य होत नाही, निम्मे होते.

पहिले चार्जिंग

सगळे बसवून झाल्यावर पहिले चार्जिंग रात्री न लावता सुट्टीच्या दिवशी, आपण जागे आणि जवळ असताना लावावे. सुरुवातीला मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा. एका तासाने प्लग बंद करून पिनांना आणि सॉकेटला बोट लावून पाहावे. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. एमसीबी आणि आरसीसीबी यांच्या स्क्रूजवळही तसेच पाहावे, पण ते वायरमनकडूनच, वीज बंद करून. चार्जिंग संपल्यावर मीटरचा आकडा पुन्हा लिहावा आणि बॅटरीच्या क्षमतेशी ताडून पाहावा: ३ किलोवॅट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला साडेतीन युनिटांहून बरीच जास्त वीज लागत असेल, तर जोड, चार्जर किंवा मीटर यांपैकी काहीतरी तपासायला हवे. एका महिन्याने वायरमनला पुन्हा बोलावून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत, कारण नवी तांब्याची तार गरम-थंड होऊन थोडी बसते आणि जोड सैल होतो. त्या दिवसाची तारीख पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावी.